नॉरफोकच्या चर्चवह्यांत आठ महिने: वापरानंतरचा अनुभव

माझे सासरचे घराणे इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या शेतमजुरांचे. सासूबाईंना यजमानांच्या पणजोबांपलीकडचे एकही नाव ठाऊक नव्हते, म्हणून मी वंशावळी शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळाची वर्गणी भरली आणि आठ महिने जवळजवळ रोज तिथल्या पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, जुन्या नोंदवह्या वाचल्या.

इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणी जुलै 1837 मध्ये सुरू झाली. त्याच्या मागे जायचे तर चर्चच्या वह्यांशिवाय गत्यंतर नाही. 1813 पासूनच्या बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात बापाचा व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण असते, त्यामुळे एकाच नावाचे दोन बाप वेगळे ओळखता येतात. त्याआधी बहुधा मुलाचे व आईबापांचे नाव आणि तारीख एवढेच हाती लागते. 1752 पूर्वीच्या नोंदी वाचताना तर वर्ष 25 मार्चला बदलत असे हे ध्यानात ठेवावे लागते; वहीतला फेब्रुवारी 1723 म्हणजे आपला 1724.

माझी मोठी चूक संकेतस्थळावरच्या शोधसूचीवर, म्हणजे वह्यांतून उतरवलेल्या नावांच्या यादीवर, विसंबण्यात झाली. सूचीत 1779 चा बाप्तिस्मा मिळाला, नाव आणि आईबाप जुळले, आणि मी तो वंशवृक्षात जोडून टाकला. पुढे वहीची मूळ पाने एकेक करून चाळताना त्याच बाळाच्या दफनाची नोंद दिसली, आणि 1782 मध्ये त्याच आईबापांनी पुढच्या मुलाला तेच नाव ठेवलेले आढळले. आमचा पूर्वज हा दुसरा. दफनाच्या नोंदीतले आडनावाचे पहिले अक्षर सूची करणाऱ्याने चुकीचे वाचले होते, त्यामुळे ती शोधात कधीच आली नसती. तेव्हापासून मूळ पानाचे छायाचित्र पाहिल्याशिवाय मी एकही नाव जोडत नाही. पान भिजून अक्षरे पुसली असतील, तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल बघावी. स्वयंसेवकांनी उतरवलेल्या चर्चनोंदींचे ‘फ्रीरेग’ हे संकेतस्थळ तर विनामूल्य आहे.

सर्वांत मोलाचे पान विवाहाचे निघाले. 1754 पासून वधूवरांनी सही किंवा खूण करणे बंधनकारक झाले. या पानावरच्या वराने फुली मारली आहे, लेखणी इतकी दाबून की शाई पसरली आहे; वधूने मात्र स्वतःचे नाव लिहिले आहे, कडेला जागा संपत आल्याने शेवटची अक्षरे बारीक झालेली. सासूबाई ते पान कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

त्या वधूचा बाप्तिस्मा लग्नाच्या गावात सापडत नाही, म्हणून आता शेजारच्या पॅरिशांच्या वह्या वाचायला घेतल्या आहेत आणि वर्गणी आणखी सहा महिन्यांसाठी भरली आहे.