ट्रॉली जॅकमध्ये ३२ नंबरचं ऑइल : अकरा महिन्यांचा अनुभव

पुढचं चाक काढायला गाडी उचलली आणि नट सोडवून होईपर्यंत ती दोन बोटं खाली आलेली. गेल्या वर्षी माझा ३ टनी ट्रॉली जॅक असा प्रेशर सोडायला लागला. चार वर्षांत मी त्याचं ऑइल एकदाही बघितलं नव्हतं. जवळच्या एका दुकानदाराने "ब्रेक ऑइल टाका, तेही हायड्रॉलिकच असतं" म्हणून बाटली दिली. मी टाकलं.

पहिले काही दिवस जॅक बरा चालला, मग पंपाच्या बाजूने पाझरायला लागला. ऑइल भरायच्या भोकाचं रबरी बूच काढलं तर ते फुगून मऊ झालेलं. नख टेकवलं की खड्डा पडे, आणि परत बसवायला गेलो तर भोकात जाईना. आतले सीलही (ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगा) असेच झाले असणार, हे तिथेच कळलं. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर बनतं. जॅकचे सील बहुतेक वेळा नायट्राइल रबराचे असतात, ते मिनरल ऑइलसाठी. ग्लायकॉलने ते फुगतात. उलटंही तितकंच वाईट: जॅकचं ऑइल चुकून गाडीच्या ब्रेकमध्ये गेलं तर तिथले रबर फुगतात आणि ब्रेक अडकू शकतो. तेव्हापासून या दोन बाटल्या मी एका फळीवर ठेवत नाही.

गेल्या जूनमध्ये सील किट बदलून, आतून सगळं स्वच्छ करून आयएसओ व्हीजी ३२ हायड्रॉलिक ऑइल भरलं. ३२ म्हणजे ४० अंश सेल्सिअसला सुमारे ३२ सेंटीस्टोक इतका घट्टपणा. सर्वोसिस्टीम, एन्क्लो, टेलस या ब्रँडपैकी कुठलंही चालेल, नंबर बघून घ्या. खरी अडचण मिळण्याची. नाशिकमध्ये दुकानदार आधी ६८ पुढे करतात, कारण मशीनसाठी तेच जास्त खपतं, आणि मोठी बकेट घ्या म्हणतात. ६८ने जॅक मोडणार नाही, पण थंडीत फार सावकाश उतरेल. बकेटमधलं सुटं ऑइल मात्र घेऊ नका. कचऱ्याचा एक कण व्हॉल्व्हच्या गोळीखाली अडकला तरी जॅक बसायला लागतो, आणि मग आपण ऑइलला दोष देत राहतो. इंजिन ऑइलही नको, त्यातलं डिटर्जंट पाणी धरून ठेवतं.

लेव्हल बघताना जॅक सपाट जमिनीवर आणि पूर्ण खाली हवा. जॅक वर असताना भोकापर्यंत भरलं तर खाली येताना सिलिंडरमधलं ऑइल टाकीत परततं, मावत नाही आणि बुचातून उडतं. पूर्ण खाली असताना ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागलं की थांबायचं. माझ्या जॅकला पाव लिटरच्या आसपास लागलं. मग रिलीज व्हॉल्व्ह (जॅक खाली उतरवायचा) सैल ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा पूर्ण मारायचा, हवा निघते. व्हॉल्व्ह आवळून वजनाशिवाय एकदा वर-खाली करून लेव्हल पुन्हा बघायची. पहिले दोन-तीन दांडे पोकळ गेले तर आत अजून हवा आहे. दांडे भरीव लागतात पण शेवटची उंची गाठत नाही, तर ऑइल कमी असण्याची शक्यता जास्त.

फरक मी पट्टीने मोजला. गाडीच्या थोडा खाली राहील असा स्टँड लावून, जमिनीपासून जॅकच्या वाटीपर्यंतची उंची घेतली आणि अर्धा तास सोडलं. ऑइल बदलण्याआधी तीन सेंटीमीटर खाली यायचा, आता जेमतेम एक मिलिमीटर. तरी गाडीखाली हात घालायचा तर वजन स्टँडवर टाकूनच. यात मी कधीही सूट घेत नाही, घरच्या पोरांनाही घेऊ देत नाही.

डिसेंबरच्या पहाटे उतरायला किंचित वेळ लागतो, एप्रिल-मेच्या उन्हात तक्रार नाही. पावसाळ्यात जॅक पत्र्याच्या शेडमध्ये होता, म्हणून दिवाळीत थोडं ऑइल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवलं. पाणी गेलं असतं तर ते ताकासारखं पांढरट दिसलं असतं. सकाळी स्वच्छ, पिवळसर होतं, तळाशी काही नव्हतं. मागच्या आठवड्यात पुन्हा काढून बघितलं, रंग जरा गडद झालाय एवढंच. पाऊस सुरू होण्याआधी बदलून टाकेन.