डॉक्टरेटनंतर: शोधनिबंध की कृतिसंशोधन?

शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळाली की पुढे दोन वाटा दिसतात. पहिली, प्रबंधातून शोधनिबंध काढण्याची. प्रकरण जसंच्या तसं पाठवून चालत नाही. पूर्वसंशोधनाचा लांबलचक आढावा दोन-तीन पानांत बसवावा लागतो, एकच प्रश्न निवडावा लागतो आणि समीक्षकांचे शेरे आले की पुन्हा लिहावं लागतं. काम जिकिरीचं, पण मार्गदर्शकाच्या आधाराशिवाय आपलं म्हणणं मांडायची सवय यातूनच लागते.

दुसरी वाट कृतिसंशोधनाची, म्हणजे आपल्याच वर्गातली किंवा शाळेतली अडचण घेऊन, बदल करून पाहण्याची आणि त्याचा परिणाम तपासण्याची. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडलेलं चक्र आजही कामी येतं: योजना, कृती, परिणामांची पडताळणी आणि पुन्हा नवी योजना. समजा, गटचर्चेत ठरावीक चारच मुलं बोलतात. मग सगळ्यांना आधी दोन मिनिटं लिहायला द्यायचं आणि नंतर कोण बोलतं याची नोंद ठेवायची. निष्कर्ष सर्वत्र लागू होतीलच असं नाही, पण उद्याचा तास नक्की बदलतो.

विद्यापीठात बढती हवी असेल तर बहुतेक ठिकाणी शोधनिबंध लागतातच. शाळेत किंवा शालेय प्रशासनात असणाऱ्यांना मात्र मी कृतिसंशोधनाचीच वाट सुचवेन, तीही एखाद्या सहकाऱ्याला सोबत घेऊन. प्रबंधातला एक निबंध तेवढा वर्षभरात लिहून टाकावा. उशीर झाला की संदर्भ शिळे होतात.