कमरेच्या गादीत स्टेम सेल सोडून घेतले, सव्वादोन लाख गेले

ज्यांच्या एमआरआयमध्ये एल४-एल५ ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी घासलीये असं आलंय त्यांनी वाचा.

नाशिकच्या सातपूरला लेथवर उभं राहून २२ वर्षं काढली, डावा पाय बधिर व्हायचा. फॅमिली डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, वजन उतरवा, पण आपल्याला घाई. मेहुण्याने गंगापूर रोडचं एक क्लिनिक सुचवलं (ग्राहक आयोगात जायचंय म्हणून नाव लिहीत नाही). तिथले म्हणाले, "काका, ऑपरेशन कशाला, तुमच्याच स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी बनतात त्या पेशी, गादीत सोडतो, नवी गादी तयार होते." भिंतीवर बिफोर-आफ्टर एमआरआय, आधी काळी गादी नंतर पांढरी. दोन्हीतले मणके एकाच माणसाचे वाटत नव्हते, पण तेव्हा कोण बघतंय.

पालथं झोपवून ढुंगणाच्या वरच्या हाडात सुई घातली, भूल असूनही मज्जा ओढताना आतून जी कळ आली ती अजून आठवते. मग कुकरएवढ्या मशीनमध्ये पंधरा मिनिटं फिरवलं आणि तेच मणक्यात टोचलं. किती पेशी आहेत विचारलं तर म्हणे "करोडो". मोजल्या कधी?

महिनाभर बरं वाटलं, कारण सुट्टीवर होतो, घरी आडवा! कामावर गेलो आणि परत तेच. सहा महिन्यांनी एमआरआय जसाच्या तसा. तर क्लिनिकवाले म्हणतात दुसरा डोस घ्या, १० टक्के कमी करतो, जणू मेनरोडला साडी घेतोय.

नंतर एका मणक्याच्या सर्जनने समजावलं की गादीच्या आत रक्तवाहिन्याच नसतात, पोषण वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपतं, ऑक्सिजन कमी, आम्ल जास्त, जिथे मूळच्या पेशी मरतायत तिथे नव्या तगणं अवघड. जगभर ट्रायल्स चालू आहेत, काही पेशंटचं दुखणं कमी झालंय, पण झिजलेली गादी पुन्हा नवी होते हे सिद्ध झालेलं नाही. आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे अशा आजारात स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच देता येतात, तेही पेशंटकडून पैसे न घेता! ट्रायल असेल तर तिचा सीटीआरआय (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नंबर असतो. मी फोन करून नंबर मागितला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणे "काका, ट्रायल नाही, ही ट्रीटमेंट आहे."

पावती ४० हजारांची, 'डे केअर चार्जेस'. बाकी रोख दिले होते. वकिलांनी ती पावती दोनदा उलटीपालटी केली आणि विचारलं, यात स्टेम सेल कुठंय?