ओढून बघितलं, तिथेच फसलो

"एकच धनुष्य घ्या दादा, रोज टार्गेट मारा, सीझनला शिकारीला न्या." या एका वाक्यावर मी भाळलो. तिरंदाजी शिकायला लागून जेमतेम चार महिने झाले होते. उसन्या रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेलं, बिनचाकांचं धनुष्य) सराव चालला होता आणि पुढे कधीतरी धनुष्याने शिकार करायची हे डोक्यात पक्कं होतं. विकणाऱ्याकडे वापरलेली कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेली धनुष्यं होती, तोंडात साखर होती आणि मला घाई होती.

धनुष्य शिकारीचंच होतं. दोन टोकांच्या कॅमच्या, म्हणजे चाकांच्या, आसांमधलं अंतर ३१ इंच. मचाणावर, झुडपात आखूड धनुष्य सोयीचं. टार्गेटवाले मात्र ३६ ते ४० इंचांच्या आसपासचं घेतात, कारण लांब धनुष्य नेम धरताना कमी हलतं. ५० मीटरवर माझं धनुष्य डास मारल्यासारखं इकडेतिकडे व्हायचं. पण ही फसवणूक नव्हे, माझं अज्ञान.

खरी मेख पुढे. पात्यावर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहीवर, ६० पाउंडांचा स्टिकर होता; दोरी ओढायला लागणारं वजन ते. "ओढून तर बघा." ओढलं, तर लोण्यासारखं आलं! मी मनातल्या मनात छाती फुगवली. त्याने लगेच लेट-ऑफ समजावून सांगितलं: ८० टक्के लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातात फक्त १२ पाउंड. तेही खोटं नव्हतं. फक्त त्या १२ पर्यंत पोचायला मधला साठाचा डोंगर ओलांडावा लागतो, आणि तो मला लागलाच नाही, याचं मला नवलही वाटलं नाही.

आमच्या सरांनी दुसऱ्या दिवशी दोरीला हुकाचा वजनकाटा अडकवून ओढलं. काटा ४८ वर थांबला. पाती धरून ठेवणारे बोल्ट विकणाऱ्याने सैल करून ठेवले होते, म्हणून वजन उतरलं होतं. सरांनी ते मोजून, दोन्हीकडे सारखे फेरे देत कसले. मग मी ओढायला गेलो, तर धनुष्य आभाळाकडे नेल्याशिवाय दोरी हलेना. "हात वर गेला की समजायचं, वजन तुझं नाही," एवढंच सर म्हणाले.

ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी किती लांब ओढली जाते ते मापही माझं नव्हतं. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत मोजायचं आणि २.५ ने भागायचं, हा ढोबळ हिशेब. माझे साडेसदुसष्ट इंच, म्हणजे २७. धनुष्य २९ वर लावलेलं. दोन इंच जास्त म्हणजे मान मागे, खांदा वर, आणि दोरी हाताच्या आतल्या बाजूला सणसणीत बसते. माझ्या हातावरचा निळा वळ आठवडाभर होता.

भेट म्हणून दिलेले सहा बाण तर त्याहून भारी. कांडीवर ६०० लिहिलेलं. मला वाटलं, आकडा मोठा म्हणजे बाण दणकट. उलटं असतं. २८ इंचांवर आधार देऊन मधे ठरावीक वजन टांगलं की कांडी किती वाकते, त्याचा तो आकडा. ६०० म्हणजे ०.६ इंच. म्हणजे लवचीक. ६० पाउंडांच्या कंपाऊंडला असली कांडी लावणं धोक्याचं. कार्बनची कांडी सुटताना फुटली तर तिच्या चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

आणि शेवटी ती पट्टी. खालच्या पात्यावर, बोल्टजवळ, जंगली नक्षीची चिकटपट्टी होती. "आवाज कमी होतो," असं तो म्हणाला होता. सरांनी कापसाचा बोळा पात्याच्या कडेवरून फिरवला, तो पट्टीच्या टोकाशी अडकला. पट्टी सोलली तर खाली केसाएवढी चीर, तीन बोटं लांब. कुणीतरी बाण न लावता दोरी सोडली असावी. बाणात जायची सगळी ताकद तेव्हा पात्यात आणि कॅममध्ये परत आदळते. बोल्ट सैल ठेवण्यामागे माझी छाती फुगवण्याखेरीज हेही कारण असणार: ताण कमी, तर चीर निदान विकेपर्यंत उघडणार नाही.

मी परत गेलो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, रिकामी दोरी तुम्हीच सोडली असेल." माझ्याकडे उत्तर नव्हतं. घेताना पात्यांचे फोटो काढले नव्हते, काटा लावला नव्हता, कुणा जाणत्याला सोबत नेलं नव्हतं. पट्टी सोलून दाखव म्हणायला तर तोंडही उघडलं नव्हतं.

आता २४ पाउंडांच्या रिकर्व्हवर १८ मीटरवरून सराव चालू आहे. शिकारीचं धनुष्य सध्या नाही. ती पट्टी मात्र मी वहीत चिकटवून ठेवली आहे. सोलताना चिरेतले दोन पांढरे तंतू तिच्याबरोबर आले होते, ते अजून दिसतात.