राउंडेलमध्ये पांढरा रंगच नव्हता

बाबा ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात होते. १९८० च्या दशकात तिथे मिग-२१ बिस ही लढाऊ विमानं तयार व्हायची, त्या कामावर त्यांची उमेदीची वर्षं गेली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला, तेव्हा ते टीव्हीसमोरून हलले नाहीत. त्याच रात्री मी ठरवलं, त्यांच्यासाठी १/४८ प्रमाणाचं बिसचं प्लास्टिक मॉडेल बांधायचं.

किटमधल्या डेकल शीटवर (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या खुणांचा कागद) भारताच्या खुणा नव्हत्या. समाजमाध्यमावर एक विक्रेता सापडला. 'स्क्रीन प्रिंटेड वॉटरस्लाइड डेकल, पांढऱ्या शाईसह', १,४५० रुपये. फोटो झकास होता. मी यूपीआयने पैसे पाठवले आणि तीन आठवड्यांनी पाकीट आलं.

पहिला राउंडेल, म्हणजे हवाई दलाची गोल खूण, कापून कोमट पाण्यात सोडला. पंधरा सेकंद झाले नसतील, कडेचा केशरी रंग सुटून पाण्यात पसरला. वाटीत केशरी धूर उठल्यासारखं दिसत होतं. वीस वर्षं मॉडेल्स करतोय, असं कधी पाहिलं नव्हतं. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "सर, तुम्ही पाणी जास्त गरम घेतलं. बदली शीट देतो, फक्त प्रिंटिंगचे ६०० पाठवा." बाबांचा वाढदिवस जवळ आला होता. पाठवले.

दुसरी शीट भिंगाखाली धरली तेव्हा उलगडा झाला. रंग सलग नव्हता, बारीक ठिपके होते. म्हणजे घरगुती इंकजेट प्रिंटर. त्याची शाई पाण्यात विरघळते, म्हणून छापल्यावर शीटवर क्लिअर लॅकरचे दोन-तीन हलके हात मारून ते पूर्ण वाळू द्यावे लागतात. त्याने तेही केलं नव्हतं. मी स्वतः फवारलं, दुसऱ्या दिवशी एक राउंडेल वाया गेलेल्या करड्या पंखावर लावून पाहिला. रंग टिकला, पण मधलं पांढरं वर्तुळ करडंच! साधा प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही. आपल्या राउंडेलमध्ये आत हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी; पांढराच नसेल तर उरलं काय?

फोटोतच हे दिसायला हवं होतं, याची मला सगळ्यात जास्त चुटपुट आहे. पांढरी खूण उठून दिसावी म्हणून चांगल्या डेकलचा कागद बहुधा फिकट निळसर असतो. विक्रेत्याच्या फोटोत कागद पांढराशुभ्र होता. पांढऱ्या कागदावर पांढरी शाई आहे की नाही हे कुणाला कळणार? शिवाय फिल्म, म्हणजे खूण जिच्यावर छापतात तो पारदर्शक थर, शीटभर एकसंध होती, प्रत्येक खुणेपुरती वेगळी नव्हती. एकसंध फिल्म काही चांगले छापणारेही वापरतात, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. पण मग विचारा मात्र नक्की.

नवी शीट कुठूनही घ्या, आधी एक बिनकामाची खूण भिजवून बघा. ती रंगवलेल्या, ग्लॉस मारलेल्या जुन्या तुकड्यावर लावा. मॅट पृष्ठभागावर लावलीत तर फिल्मखाली हवा अडकून चंदेरी चट्टे येतात आणि दोष शीटचा की तुमचा, हे ठरवता येत नाही. मग सॉफ्टनर (फिल्म मऊ करणारं द्रावण) लावा. फिल्म आधी सुरकुतेल, तिला हात लावू नका, सकाळपर्यंत ती आपोआप बसते. शेवटी वरून क्लिअरचा धुक्यासारखा पातळ हात. इतक्या पायऱ्यांत रंग कुठे पसरला नाही, तरच शीट मॉडेलवर न्या. मी हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर ते ६०० तरी वाचले असते.

तिसऱ्या मेसेजनंतर त्या विक्रेत्याने मला ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्यवहाराचे आणि बोलण्याचे स्क्रीनशॉट जोडले. ते ब्लॉक होण्याआधीच काढून ठेवले होते म्हणून जोडता तरी आले. पैसे आलेले नाहीत.

वाढदिवसाला बाबांच्या हातात कोऱ्या पंखांचं मिग दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून शेपटीच्या जोडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "खुणा कधी लावणार?" दुसरीकडून शीट मागवली आहे. या वेळी पैसे देण्याआधी काळ्या प्लास्टिकवर चिकटवलेल्या एका राउंडेलचा व्हिडिओ मागितला. त्या माणसाने तो तासाभरात पाठवला, आणि त्यातलं पांढरं वर्तुळ खरोखर पांढरं आहे.