ट्रायलमधली जागा विकत घेतली, आणि आप्पांचे तीन आठवडे वाया गेले

कोणी फोन करून सांगितलं की तुमच्या पेशंटसाठी परदेशी औषधाच्या ट्रायलमध्ये एकच जागा राहिली आहे, आजच पैसे भरा, तर कृपा करून फोन ठेवून द्या. आम्ही ठेवला नाही. आमचे ३ लाख ३५ हजार रुपये गेले. त्यातला मोठा भाग माझ्या वडिलांना, आप्पांना, माथाडी बोर्डातून निवृत्त होताना मिळालेल्या फंडाचा होता, म्हणजे तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पाठीवर गोण्या वाहून साठलेले पैसे. पण मला पैशांपेक्षा जास्त दुसरंच नुकसान टोचतं, ते पुढे सांगते.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात कोपरखैरण्याच्या घरी आप्पा सकाळी दाढी करत होते. हातातला रेझर पडला, तो उचलायला वाकले आणि तिथेच बसले. अर्ध्या गालावर फेस तसाच. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द फुटेना. आईला वाटलं अशक्तपणा आहे, ती साखरपाणी घेऊन धावली. दादाने तिला थांबवलं हे नशीब, कारण अशा वेळी गिळता येत नाही आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. चार महिन्यांपूर्वी 'आता बरं वाटतंय' म्हणून त्यांनी बीपीची गोळी बंद केली होती, हे आम्हाला हॉस्पिटलमध्ये कळलं. बीपी २२० च्या वर. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला खोलवर रक्तस्राव, म्हणजे स्ट्रोक. सतरा दिवसांनी घरी आणलं तेव्हा उजवा हात-पाय लुळा होता आणि बोलण्यात फक्त 'हां' आणि 'नको' उरलं होतं.

फिजिओथेरपीच्या मॅडम रोज यायच्या. सहाव्या आठवड्यात आप्पांची उजवी बोटं किंचित हलायला लागली होती, आणि नेमका तेव्हाच तो फोन आला. समोरचा माणूस मराठीच, अतिशय आदबीने बोलणारा. 'ताई, मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर बोलतोय. तुमच्या वडिलांची केस आमच्या टीमने पाहिली.' त्याला आप्पांचं वय, ॲडमिट केल्याची तारीख, कुठल्या बाजूला लकवा आहे, सगळं माहीत होतं. त्यामुळेच माझा विश्वास बसला. आज विचार केला तर कळतं, त्या सतरा दिवसांत आप्पांची फाइल आणि रिपोर्टचे फोटो इतक्या जणांच्या हातांतून आणि फोनमधून गेले होते की ती माहिती कोणाकडेही असू शकत होती. माहिती असणं हा ओळखीचा पुरावा नाही.

वाशी स्टेशनजवळच्या एका बिल्डिंगमध्ये त्यांचं ऑफिस होतं. काचेचं दार, एसी, आणि टेबलावर मेंदूचं प्लॅस्टिकचं मॉडेल, त्याचे तुकडे सुटे होणारे. पांढरा कोट घातलेल्या त्या माणसाने एक तुकडा काढून आईच्या हातात दिला. म्हणाला, 'काकू, हा भाग सुकलाय. इथे आपण नवीन पेशी सोडतो.' आईने तो तुकडा किती जपून धरला होता, ते मला अजून दिसतं. बाहेर सोफ्यावर कळव्याच्या एक काकू बसल्या होत्या. मांडीवर स्कॅनच्या फिल्म्सची पिवळी पिशवी. त्यांच्या मुलाला, जेमतेम चाळिशीच्या, स्ट्रोक झाला होता. 'आमचा दुसरा हप्ता आहे,' असं त्या म्हणाल्या आणि आम्हाला उलट धीर आला.

२५ हजार नोंदणीचे, ६० हजार तपासण्यांचे आणि अडीच लाख डोस बाहेरून मागवण्याचे. एक लाख रोख मागितले, बाकी एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात. संस्थेच्या खात्यात का नाही, हे दादाने विचारलं. 'सरकारी मंजुरीतल्या प्रकल्पाचं खातं उघडायला वेळ लागतो' हे उत्तर आम्ही गिळलं. इंग्रजीतला दोन पानांचा फॉर्म होता, माझी सही घेतली आणि कागद परत घेतला. 'फाइलला लावायचा आहे' म्हणाले. मी नोंदणी क्रमांकाचा फोटो काढून ठेवला, तेवढंच शहाणपण.

डोस एका रविवारी घणसोलीतल्या दोन खाटांच्या खोलीत दिला. बाटलीला चांदीसारखी फॉइल गुंडाळलेली, 'उजेड लागला तर पेशी मरतात' म्हणून. आईने वॉर्डात सतरा दिवस उशाशी बसून काढले होते. फॉइलखालून डोकावणारं बूच पाहून ती हळूच म्हणाली, 'अगं, ही तर आपली नेहमीचीच सलाईनची बाटली.' दादाने तिला गप्प बसवलं. मीही काही बोलले नाही. त्या खोलीत खरं काय चाललंय ते फक्त तिने ओळखलं होतं.

आणि जाताना सांगितलं, 'तीन आठवडे फिजिओ बंद ठेवा, पेशी बसायला हव्यात, हात अजिबात हलवू नका.' आम्ही मॅडमना येऊ नका असं कळवलं. हेच ते नुकसान. मेंदूच्या आघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, आणि त्यातले एकवीस दिवस आम्ही आप्पांचा हात गळ्यात अडकवून ठेवला. खांदा आखडला. नंतर नुसता सदरा चढवताना ते कळवळायचे, आणि 'नको' हाच शब्द त्यांच्याजवळ होता.

ओपीडीच्या तारखेला न्यूरोलॉजिस्टनी खांदा हलवून पाहिला आणि विचारलं, 'व्यायाम कोणी बंद केला?' मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. 'सीटीआरआय नंबर आहे?' एवढंच विचारलं. आपल्याकडच्या वैद्यकीय चाचण्यांची ही सार्वजनिक नोंदवही आहे, २००७ पासून, आणि २००९ पासून औषध चाचणीसाठी तिथे नोंद सक्तीची आहे. कोणालाही ती इंटरनेटवर फुकट बघता येते. त्यांनी माझ्या फोटोतला नंबर टाकला. समोर आली ती मधुमेहाच्या एका गोळीची चाचणी, दुसऱ्याच राज्यातली.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, 'त्यांनी तुमचा सीटी स्कॅन बघायला मागितला होता का?' नव्हता मागितला. मॉडेल दाखवलं, फी घेतली, पण आप्पांचा स्कॅन एकदाही उघडला नाही. स्ट्रोकवरच्या कुठल्याही खऱ्या अभ्यासात पहिला प्रश्न असतो की मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, कारण एकाचं औषध दुसऱ्याला मारू शकतं. मग किती तास किंवा दिवस झाले, रक्त किती, कुठे, वय, इतर आजार. यातलं एक जरी बसलं नाही तर तुम्हाला घेत नाहीत. घेतलं तरी बहुतेक वेळा चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड होते, आणि नवं औषध मिळेल की नेहमीचे उपचार, हे डॉक्टरही आधी सांगू शकत नाहीत. आम्हाला मात्र 'खरा डोस नक्की' असं वचन दिलं होतं. ते वचनच खोटेपणाची खूण होती, आणि आम्ही त्याचेच पैसे मोजले.

आम्हाला सांगितलेल्या 'नवीन पेशी' म्हणजे स्टेम सेल, इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी. त्यांच्याबद्दल न्यूरोलॉजिस्टनी जे सांगितलं ते मी घरी येऊन नीट वाचलं. एम्सच्या पुढाकाराने देशातल्या पाच केंद्रांत १२० रुग्णांवर हा प्रयोग झालेला आहे. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देऊन पाहिल्या, आणि २०१४ साली निष्कर्ष छापला गेला: अपाय दिसला नाही, पण फायदाही दिसला नाही. ते रुग्णही गुठळीच्या स्ट्रोकचे, आप्पांसारखे रक्तस्रावाचे नव्हते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीतच करायचं, आणि चाचणीचा खर्च रुग्णाच्या माथी मारायचा नाही. उलट चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. म्हणून तर आपल्याकडच्या खऱ्या संमतीपत्रात वारसदाराचं नाव आणि नातं विचारतात. त्यात मुख्य संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे रुग्णांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, संपर्क असतो, मजकूर रुग्णाला कळणाऱ्या भाषेत असतो, आणि सही झाल्यावर एक प्रत घरच्यांच्या हातात द्यावी लागते. आमच्या दोन पानांत यातलं काहीच नव्हतं.

माझा संशोधनावर राग नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. आप्पा वाचले तेच संशोधनामुळे. पहिल्या तासात वॉर्डात सगळे त्यांचं बीपी १४० च्या खाली आणायला धडपडत होते, सोबत साखर आणि तापावर लक्ष होतं. हे सगळं एकत्र आणि झटपट केलं तर रक्तस्रावाचे रुग्ण जास्त चांगले सावरतात, हे २०२३ साली दहा देशांतल्या ७ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या अभ्यासातून सिद्ध झालं, आणि त्या देशांत भारतही होता. त्या सात हजार घरांनी कोणाला जागेचे पैसे दिले नव्हते. त्यांच्या सहभागाचा फायदा आमच्या घराला आपोआप मिळाला. 'संशोधन' या शब्दाच्या आड लपून कोणी हमालाचा फंड लुटतं, याची मला चीड येते.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला तोपर्यंत पाच आठवडे उलटले होते. लगेच केला असता तर खात्यातले पैसे तरी गोठवता आले असते. पोलिसात तक्रार दिली आहे. ऑफिसला कुलूप आहे, आणि जागा महिन्याच्या भाड्यावर घेतलेली होती असं वॉचमन सांगतो.

फिजिओच्या मॅडम पुन्हा येऊ लागल्या. आप्पा आता डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवतात आणि कपड्यांचे चिमटे ताटलीच्या काठाला लावतात. काल चार लावले.

कळव्याच्या त्या काकूंचं नाव मी विचारलं नव्हतं. काकू, हे तुमच्यापर्यंत किंवा तुमच्या ओळखीच्या कोणापर्यंत पोचलं, तर तिसरा हप्ता भरू नका, मुलाचा व्यायाम आजच सुरू करा आणि १९३० ला फोन करा. तक्रारीत दोन घरं असली तर आमचंही बळ वाढेल.