वसईतील शिवणकामाचे एक दुकान आणि सबडीकनचे जुने ट्युनिकल

आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चमधील उपासनेचे साहित्य ठेवण्याच्या खोलीत, लाल रेशमी उपासनावस्त्रांचा एक जुना संच आहे. धर्मगुरूंचे बिनबाह्यांचे चॅझुबल, त्यांना उपासनेत साहाय्य करणाऱ्या डीकनचे बाह्या असलेले डाल्मॅटिक आणि डीकनच्या खालच्या पदावरील सबडीकनचे, जवळजवळ तसेच दिसणारे ट्युनिकल अशी त्यातील तीन वस्त्रे. पोप सहावे पॉल यांनी १५ ऑगस्ट १९७२ रोजी काढलेल्या आदेशानुसार १ जानेवारी १९७३ पासून लॅटिन चर्चमधील सबडीकनपद संपले आणि त्याची कामे वाचक व अकोलाइट (वेदीसेवक) यांच्याकडे आली. तेव्हापासून घडीत पडून राहिलेल्या ट्युनिकलला कसर लागली होती, म्हणून यंदा पावसाळ्यापूर्वी ते दुरुस्तीला दिले.

आधी ज्या शिंप्यांना विचारले, त्या सगळ्यांनी ट्युनिकल म्हणजे दुसरे डाल्मॅटिकच असे धरून जरीच्या दोन आडव्या पट्ट्या लावण्याची तयारी दाखवली होती. या दुकानाच्या मालकांनी मात्र दोन्ही वस्त्रे शेजारी पसरून आधी पट्ट्या मोजल्या. आमच्या संचात डाल्मॅटिकला दोन आणि ट्युनिकलला एकच आडवी पट्टी आहे, शिवाय ट्युनिकलच्या बाह्याही थोड्या अरुंद आहेत. हा फरक त्यांनी विचारून घेतला, कागदावर उतरवला आणि शेवटपर्यंत पाळला. मला त्यांचे सर्वांत जास्त कौतुक वाटले ते याच गोष्टीचे.

ट्युनिकलच्या उजव्या बाहीचे कोपराजवळचे रेशीम डावीपेक्षा बरेच अधिक विरले होते. मोठ्या सणाच्या गायन-मिस्सेत (गाऊन केल्या जाणाऱ्या मुख्य उपासनेत) सबडीकन बायबलमधील पत्राचे वाचन गाऊन म्हणत असे, चषकात पाण्याचे थेंब घालत असे आणि अर्पणविधीपासून ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ संपेपर्यंत पॅटन (पवित्र भाकरीची थाळी) खांद्यावरील वस्त्राखाली झाकून, उजव्या हाताने डोळ्यांच्या उंचीवर धरून वेदीच्या पायथ्याशी उभा राहत असे. (गावच्या चर्चमध्ये ही भूमिका बहुधा दुसरे धर्मगुरूच पार पाडत.) ती झीज त्या उभ्या राहण्याचीच असावी, असे मला वाटते. मालकांनी तेथे नवा तुकडा न जोडता मागून बारीक जाळीचे कापड देऊन मूळ धागे जागच्या जागी टाचले, त्यामुळे हात फिरवला तरच दुरुस्ती जाणवते. अस्तर सुती घातले, तेही आमच्या दमट हवेला योग्यच.

एक तक्रार आहे आणि ती त्यांना समक्ष सांगितली असल्याने दुकानाचे नाव येथे देत नाही. न विचारता त्यांनी उरलेल्या कापडाची स्टोल (धर्मगुरू व डीकन घालतात ती लांब पट्टी) शिवली आणि तिचे पैसे बिलात धरले. सबडीकन स्टोल घालत नसे. त्याच्या डाव्या हातावर मॅनिपल (मनगटाजवळ लटकणारी छोटी पट्टी) असे, आणि संचात हरवलेले होते ते नेमके मॅनिपलच. चूक दाखवल्यावर त्यांनी स्टोल परत घेऊन त्याच कापडाचे मॅनिपल करून दिले, मात्र त्यात आणखी तीन आठवडे गेले. मूळचे वसईचे असलेले संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला हा संच सॅक्रिस्टीबाहेर मांडायचा आहे, त्याआधी खांद्यावरील वस्त्रही मी याच दुकानात देणार आहे. या वेळी काय शिवायचे ते मोजमापासह लिहून देईन.